काही होत नाही

बाबा, मारा उडी, काही होत नाही,
शाल्मली म्हणते.
मी कड्याच्या टोकावर. म्हणजे पडद्यावरचा मी,
पिवळा रेनकोट घातलेलं, नाक नसलेलं एक पोरगं.
खाली ढग.
अंगठा बटणावर आहे आणि अंगठा दाबत नाही.

एक्याण्णव साली चेंबूर नाक्याला
लोबोच्या पार्लरमध्ये रुपयाला तीन जीव मिळायचे.
पावाच्या पैशातला रुपया.
पहिला जीव हात बसेपर्यंत जायचा,
दुसरा मागच्या पोरांच्या धक्क्यानं,
तिसरा मी इतका जपायचो
की कोपऱ्यात नुसता उभा राहायचो,
आणि वेळ संपून तोही जायचा.
मग दहापासून उलटे आकडे,
आणि लोबो गल्ल्यावरून, मान वर न करता:
सुटे असतील तर थांब.

हिच्या खेळात आकडेच नाहीत.
एक बेट आहे, दहा-बारा घरं,
घरोघरी पत्रं पोचवायची.
रानडुकराचं पत्र राहिलं तर तो म्हणतो, उद्या आण.
रताळ्यांना पाणी घालायचं विसरलं
तर रताळी थांबतात.
सीएचा निकाल गुरुवारी लागला, तिसऱ्यांदा.
तेव्हापासून ती या बेटावर राहते,
जेवायला तेवढी येते.
मी विचारलेलं नाही. तिनं सांगितलेलं नाही.
आज रात्री दीड वाजता दुसरा रिमोट माझ्या हातात दिला,
एवढंच.

आधी मला रागच आला.
हरायचंच नाही, मग याला खेळ कसं म्हणायचं?

माहुलला आमच्या कंपनीच्या गेटावर फळा आहे,
'अपघाताविना दिवस', आणि पुढे खडूनं आकडा.
टाइम ऑफिसचा परुळेकर रोज सकाळी एक वाढवतो.
तीनशे अठ्ठ्याऐंशीवर होता
तेव्हा गजा वैती टाकीच्या शिडीवर चढला.
पट्टा लाव, मी खालून ओरडलो.
वरून त्याचा आवाज:
काही होत नाही रे.

परुळेकरनं ओल्या फडक्यानं फळा पुसला
आणि शून्य काढलं. चांगलं गोल, सुबक.
त्याच्याखालून आम्ही डबे घेऊन आत गेलो.

गजा आमच्याच चाळीतला, सगळ्यांत धाकटा.
लगोरीत कच्चा लिंबू.
चेंडू पाठीत बसला तरी आउट नाही,
राज्य कधी त्याच्यावर नाही.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तो आमच्यापेक्षा जास्त जीव तोडून पळायचा,
गुडघे फुटायचे त्याचे,
आणि लगोरी लागली की सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडायचा.
मग एका मे महिन्यात त्याला कळलं.
मैदानाच्या मधोमध बसून रडला:
मला पण आउट करा.
आम्ही हसलो, आणि पुढच्या डावात
मीच नेम धरून त्याला बाद केलं.
केवढा खूश झाला होता.

बाबा, झोप लागली का?
नाही.
मग मारा की.

मारली.
ढग, ढगांखाली पाणी, पाण्याचा आवाज,
आणि पोरगं परत कड्यावर, ओलं,
कुत्र्यासारखं अंग झटकत.
काही गेलं नाही. पिशवीतली पत्रंसुद्धा कोरडी.
पुन्हा मारली.
तिसऱ्यांदा मारली तेव्हा मी हसलो बहुतेक,
कारण शाल्मली माझ्याकडे बघत होती,
पडद्याकडे नाही.

चौथ्या उडीनंतर बघतो तर ती झोपलेली,
मान सोफ्याच्या दांडीवर, तोंड किंचित उघडं.
तिच्या हातातला रिमोट हळूच काढून घेतला.
खिडकीत रिफायनरीची ज्योत, नेहमीसारखी.
खेळ बंद कसा करायचा ते तिनं सांगितलं नव्हतं.
रानडुकराचं पत्र अजून पिशवीत होतं.
घर त्याचं कुठलं, तेही ठाऊक नाही.
निघालो.