रकाना

घाटीगावच्या चौकीत महिनाअखेर
मी एक तक्ता भरतो.
नीलगाय, चिंकारा, कोल्हा, तितर,
जे दिसलं ते, जेवढं दिसलं तेवढं.
शेवटचा रकाना तिचा.
तिथे शून्य काढतो,
नीट, टोकाला टोक मिळवून,
शिरगावकर सरांनी गिरवून घेतलं होतं तसं.

लष्करात आमच्या घरी तो माळढोक होता,
इथे नोकरीवर आलो तर ती सोनचिरैया.
चौकीत पाणी भरणारी रमको सहरिया
नुसतंच म्हणते, हुकना.
हाकेवरून पडलेलं नाव.
हाक गेली,
नाव अजून हिंडतंय माळावर.

रमको सांगते, चालायची कशी,
बाजार उरकलेल्या बाईसारखी, सावकाश.
वर्षाला एकच अंडं,
तेही उघड्यावर, ना काडी ना आडोसा.
एका दुष्काळात बापाने आणलेलं ते
चौघांनी वाटून खाल्लं.
हे सांगताना ती घागर घासत राहते.
त्याआधी शिकारीच्या मोटारी यायच्या म्हणे,
पण ते तिने पाहिलेलं नाही,
म्हणून त्यावर बोलत नाही.

पाखरासाठी माळ राखीव झाला
तेव्हा कागदावर गावंही आत आली.
शेत विकायचं नाही, विहिरीला परवाना,
आणि जिच्यासाठी हे सगळं
ती कुणाच्या पोरांनीही पाहिलेली नाही.
भरोसी गुर्जर दर पंधरवड्याला यायचा,
"मर गई न, बाबूजी? तो लिख दो कागद पे."
कसं लिहू?
मेलेली कुणी पाहिली नाही.
नसणं आणि न दिसणं
यांना आमच्याकडे एकच रकाना.

मग हुकूम आला, हद्द सरकली.
आम्ही खांब उपटले,
काहींच्या बुडाशी विंचू निघाले.
भरोसीची जमीन खाणवाल्याने घेतली,
तो नव्या मोटारसायकलवर पेढे घेऊन आला.
मी खाल्ला. चांगला होता,
खवा ताजा.

आता दुपारी दोनला सुरुंग उडतो.
आधी पायाखाली कळतो, मग कानाला.
काल रमको घागर अर्ध्यात धरून थांबली.
म्हणाली, हुकना अस्साच बोलायचा,
लांबून, छातीतून.

तक्त्यात आवाजाला जागा नाही.
तरी पेन उघडून विचारलं, अगदी असाच?

ती बराच वेळ माळाकडे बघत होती.
नाही, म्हणाली.
तेव्हा धूळ उडत नव्हती.