कोमट पाणी

पोत्यावर छापलंय, लाटव्हिया.
मांजरी रस्त्यावरचा नर्सरीवाला दाऊद तांबोळी म्हणाला,
"सिस्टर, बाहेरचा माल. दगड नाही, तण नाही, हलकं."
हलकं म्हणजे इतकं, की घोरपडीच्या फाटकापर्यंत
रिक्षात मांडीवरच घेऊन आले,
डिस्चार्ज मिळालेलं बाळ आणावं तसं.

शेजारच्या ओजसला ब्लूबेरी लावायची होती.
त्याला वाटतं, जे डबीत मिळतं ते कुंडीतही येतं.
आपली माती चुनखडीची, बोअरचं पाणी तिच्याही वरताण,
आणि त्या झुडपाला लागतं आंबट.
म्हणून हे पीट मॉस.

गच्चीवर पोतं फोडलं.
चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी,
वास बंद कपाटाचा.
पाणी ओतलं तर थेंब वरच्यावर पळाले,
थर्मामीटर फुटून पारा पळावा तसे.
शेकडो वर्षं पाण्यात बसलेलं,
एकदा वाळलं आणि पाण्याची ओळखच विसरलं.
फोनवर दाऊद म्हणाला,
"कोमट घाला सिस्टर. आणि घाई करू नका."

हे मला सांगतोय.
एकतीस वर्षं ससूनला, त्यातली बावीस जळीत वॉर्डात.
सुकलेला गॉज ओढायचा नसतो,
नवी कातडी येते त्याच्याबरोबर.
कोमट सलाईन, काठापासून, थेंब थेंब,
आणि बोलत राहायचं कशाबद्दलही,
मटारचे भाव, गावची जत्रा.
अठरा नंबरची कस्तुरा डोळे मिटून विचारायची,
"सुटलं का?"
"सुटतंय."
या दोन शब्दांत किती अंतर असतं
ते तिला माहीत होतं.

मग वाचायला घेतलं, हे आहे तरी काय.
पहिल्या महायुद्धात कापूस पुरेना
तेव्हा बायकांनी दलदलीतून हेच शेवाळ वेचलं,
काड्या निवडल्या, वाळवलं,
मलमलीच्या पिशव्यांत भरून जखमांवर बांधायला धाडलं.
स्वतःच्या वीसपट ओल पितं म्हणे,
आणि आंबटपणामुळे जंतूंना थारा देत नाही.
म्हणजे आमच्याच खात्यातलं निघालं!
दुसऱ्या हॉस्पिटलातून बदलून आलेल्या बाईकडे बघावं
तसं मी बादलीकडे बघितलं.

पण पुढच्याच पानावर:
त्या दलदलीत माणसंही सापडतात.
दोन हजार वर्षांपूर्वीची,
केस, नखं, कपाळावरची आठी शाबूत,
एखाद्याच्या गळ्यातला दोरसुद्धा.
कुजूच देत नाही ते काही.
हे काही मला आवडलं नाही.
कस्तुराचं शेवटचं ड्रेसिंग
माझ्यातही पडून आहे, तसंच्या तसं.

वर्षाला एक मिलिमीटर, एवढाच चढतो तो थर.
बादलीत वीतभर माल. हिशेब करायला नको होता.
पेशवाई बुडाली तेव्हा
तळातली चिमूट नुकती हिरवी असेल.
आणि मी ती आणली
एका पोराच्या हट्टापायी, साडेसहाशे रुपयांना,
रिक्षाचे वेगळे.

ब्लूबेरी मे महिन्यात गेली.
आइस्क्रीमच्या काडीवर ओजसनं तिचं नाव लिहिलंय,
काडी अजून उभी आहे.
उरलेल्यात मी शेणखत कालवलं,
रेन ट्रीचा पाला, नारळाच्या कुस्करलेल्या शेंड्या,
दाऊदकडून आणलेली मूठभर गांडुळं.
कुजू दे म्हटलं. पुरे झालं आता.

कढीपत्त्याला आंबट हवं असतं तेव्हा
शिळं ताक घालते पाणी वाढवून,
आईही तेच घालायची,
लाटव्हिया कुठे आहे हे न विचारता.
पोतं पुन्हा नको, सांगून ठेवलंय.

फक्त बादलीच्या तळाशी एक ढेकूळ
अजून कोरडंच आहे.
सकाळी चहाचं भांडं विसळलं
की ते कोमट पाणी त्याच्यावर ओतते, काठापासून.
थोडं घेतं.
थोडं पळून जातं.