तिसरी किल्ली

पेटीला तीन कुलुपं, तीन बायकांकडे तीन किल्ल्या,
आणि पेटी चौथीच्याच घरात, खाटेखाली.
एकटीला मोह झाला तरी हात पोचू नये, म्हणून ही रीत.
तरी मंगळवारी बचत गटाच्या बायकांसमोर ती उघडली
आणि चौऱ्याऐंशी हजार क्वाचा कमी निघाले.
एस्नातीनं पेटीत पाहिलंच नाही.
टेकडीवरच्या माझ्या घराकडे बघत म्हणाली,
"पत्रे नवे दिसतात, तोवेरा."

पत्रे माझ्या भावाने पाठवलेत, ट्रकवर टाकून, मझुझूहून.
हे मी एकदा सांगितलं.
दुसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज
मला खोटा वाटू लागला,
म्हणून गप्प बसले.
मागून कुणीतरी म्हणालं, बघा, गप्प बसली.

गळ्यातल्या दोऱ्याची गाठ सुटेना.
दातांनी सोडवली,
आणि किल्ली मीच काढून दिली.

प्रभू, त्या रात्री हा खटला मी तुझ्या हाती दिला.
सरोवराकडे तोंड करून, मोठ्यानं, आमेनसकट.
आणि पहाटे उठून परत घेतला.
चूल फुंकताना मी वकील होते,
कसावा कुटताना न्यायाधीश,
मुसळाच्या प्रत्येक घावाखाली कोण होतं
ते तुला माहीत आहे.
दुपारी पुन्हा तुला दिला. दिवेलागणीला पुन्हा मागितला,
शेजारणीला दिलेलं सूप मागावं तसा.
तू मोजत नसशील.
मी मोजलं. अकरा वेळा.

रविवारी बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा होती.
पाळक कमांगा क्षमेवर बोलले.
म्हणाले, चोरालासुद्धा दार उघडं आहे,
आणि म्हणताना इतक्या मायेनं माझ्याकडे पाहिलं
की मला उठून ओरडावंसं वाटलं:
क्षमा नकोय मला! निवाडा हवाय!
पण गीत सुरू झालं.
उभी राहिले. तोंड हलवलं.

मग गुरुवार. ऊन कडक, सरोवर ताटासारखं सपाट.
किनाऱ्यावर बोरूच्या मांडवांवर उसिपा वाळत होती,
बोटाएवढी मासळी, रुपेरी, हजारो डोळ्यांची.
माझा मांडव, आणि त्याला लागून एस्नातीचा.
ती पाण्याला गेली होती की आणखी कुठे.
पांढऱ्या गळ्याचे कावळे आले, आधी दोन, मग नऊ-दहा,
आणि उतरले ते नेमके तिच्या मांडवावर.

मी बघत राहिले.
खोटं कशाला बोलू, गोड वाटलं.
मनात म्हटलं, आला माझा कैवारी,
काळा झगा, पांढरी पट्टी, अगदी कोर्टातल्यासारखा.
एका कावळ्यानं चोचीत चार मासे एकदम धरले.

आणि माझ्या हातानं मला न विचारता दगड उचलला.
"हाड्!" असा आवाज आला, तोही माझाच.
कावळे उडाले, मी धावले, लुगड्याचा पदर मारत
तिचा मांडव राखत उभी राहिले,
तिचे मासे, जिनं माझं नाव वाळत घातलं गावभर.

हे काय करून घेतलंस, प्रभू?
मी तुला माझ्या दारावर पहारा मागितला होता.
तू माझा कैवारी, हे कबूल.
पण तू तिचाही असशील,
आणि त्या कामाला मलाच जुंपशील,
हे आधी सांगायला हवं होतंस.

एस्नाती परत आली. मांडव पाहिला, मला पाहिलं,
वाळूत पडलेले दगड पाहिले.
काही बोलली नाही.
मीही नाही.

पैसे अजून सापडलेले नाहीत.
किल्ली आता दुसरीच्या गळ्यात आहे.
माझा हात अजून छातीकडे जातो, रिकामा परत येतो.
आज बाराव्यांदा तुझ्याकडे आले आहे.
खटला ठेव.
सूप मात्र दे,
उद्या सकाळी लागेल मला.