सीटची उंची

स्लायगोच्या धक्क्यावर पहाटे सहाला
आम्ही त्रेसष्ट जण, हेल्मेटं घालून उभे,
आणि फादर जार्लथनी सायकलींवर शिंपडलेलं तीर्थ,
जे त्या पावसात कुणाला वेगळं कळलं नाही.

गॉलवेपर्यंत तीनशे किलोमीटर, तीन दिवस.
पैसे जाणार त्या नर्सेससाठी
ज्या रात्री अकराला येतात, बूट दाराशी काढतात
आणि मरणाऱ्याच्या उशाशी बसून राहतात,
म्हणजे घरातल्यांना चार तास पाठ टेकता येते.
आमच्याकडेही आली होती एक, माझ्या भावाच्या वेळी.
तिचं नाव मी विचारलं नव्हतं.

माझं काम सगळ्यांच्या मागे राहायचं.
माझ्याही मागे फक्त डेक्लनची व्हॅन:
केळी, ट्यूबा,
आणि हात टेकलेल्यांसाठी सहा जागा.
शेवटच्याला चेहरे दिसत नाहीत.
मी माणसं पोटऱ्यांवरून ओळखते.

मॅलकी गिल्डेला मात्र गुडघ्यांवरून.

निळी बायकी सायकल, पुढे वेताची टोपली,
आणि तिच्यावर दुमडून बसलेला सहा फुटी खाटीक,
गुडघे थेट कोपरांना भिडणारे,
टोळ काडेपेटीवर बसावा तसा.

ग्रॉन्या आमची मेकॅनिक. वय एकोणीस,
नखांत ग्रीस, जिभेला हाड नाही.
पहिल्या चहालाच म्हणाली,
"सीट चार बोटं वर घेते, दोन मिनिटांचं काम."
"राहू दे," मॅलकी म्हणाला.
दुसऱ्या चहाला, "गुडघे जातील, काका."
"जाऊ देत. दोनच तर आहेत."

कॅसलबारच्या बाजारात आम्ही बादल्या खणखणवल्या.
एका म्हातारीनं पाच युरोची नोट टाकली
आणि आत हात घालून
तीन युरो मोजून परत घेतले.
कुणी काही बोललं नाही.
हिशेब म्हणजे हिशेब.

दुसऱ्या दिवशी डूलॉकच्या तळ्याकाठी
वारा अगदी नाकासमोरून,
सरळमार्गी माणसासारखा, जराही न वळता.
मेंढ्या रस्त्यात बसलेल्या.
बाकीचे एकसष्ट डोंगराआड गेले.
मॅलकी उतरला.
मला वाटलं, झालं, आता व्हॅन.
मी डेक्लनला हात केला.

"त्याला नको," मॅलकी म्हणाला. "त्या पोरीला बोलाव."

ग्रॉन्या पाना घेऊन आली,
आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच गप्प राहिली,
कारण तो सायकलशी बोलावं तसं
खाली बघून बोलत होता:
"असम्प्टा शेवटची दूध आणायला गेली होती
ती ह्याच उंचीवर.
एकोणीस महिने मी हात लावला नाही."

ग्रॉन्यानं सॉरी म्हटलं नाही.
तिनं किल्लीच्या टोकानं सीटच्या दांडीवर
एक बारीक रेघ ओढली, जिथे ती घट्ट बसली होती तिथे.
"परत खाली घ्यायची झाली, तर इथे."
मग नट ढिला केला.

चार बोटं नळी बाहेर आली,
चकचकीत.
तिनं इतकी वर्षं पाऊस पाहिलाच नव्हता.

मॅलकी बसला. पाय लांब झाले.
पहिल्या वळणावर जरा डगमगला,
परक्याच्या घरात रात्री उठलेल्यासारखा,
मग निघाला, आणि काय निघाला!
मी मागे, धापा टाकत,
डोळ्यांसमोर सीटखालची ती रेघ,
चढाला, उताराला, शंभर किलोमीटर.

गॉलवेत टाळ्या, सूप, फितीला लटकणारी पदकं.
मॅलकीनं आपलं पदक टोपलीत टाकलं
आणि शौचालय कुठे आहे ते विचारलं.

मी टेबलापाशी गेले.
तिथे पावत्या फाडणारी बाई होती.
म्हटलं, दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
टबरकरीला, मिलच्या मागच्या घरी,
रात्रपाळीला कोण होतं?
तिनं चष्मा लावला. "शोधावं लागेल," म्हणाली.
"वेळ लागेल हं."

मी थांबते, म्हटलं.
शेवटी राहायची मला सवय आहे.