बाकी

सांवेर रोडच्या शेडमध्ये चारशे वजनकाटे खोक्यांत बसून तयार,
आणि बडोद्याच्या गिऱ्हाइकाचं पत्र:
माल सोडण्याआधी लिहून द्या,
आतल्या प्रोग्रामातली कुठली ओळ कोणाची.

माझी, म्हटलं. सगळी माझी.
पंधरा महिने, दोन चष्मे, एक फिसकटलेलं लग्नाचं बोलणं.

मग मॅप फाइल उघडली,
जिथे निमूटपणे नोंदलेलं असतं
कोण कुठून आत आलं.

माझ्या मेनच्या आधीच कोणीतरी येऊन गेलेलं.
मेमरी झाडली, खणाखणात शून्य मांडलं,
स्टॅकला टेकू दिला,
आणि मी जागी व्हायच्या आत निघूनही गेलं,
राजवाड्याच्या चौकात पहाटे तीनला
खराटे फिरून जातात तसं.

पुढे हेडर. त्यात असतं काय?
नावं, मापं, कुठल्या खिडकीत काय सरकवायचं ते.
दारावरची पाटी वाचली
म्हणून घर आपलं होत नाही,
आणि पाटी वहीत उतरवून घेतली
तर चोरीही होत नाही, बहुतेक.
वकील रेवती मुंगी फोनवर म्हणाल्या,
ते बहुतेक खोडा.
मी ठेवलं.

आणि अगदी तळाशी, एकशे बारा बाइट:
भागाकार.

ही चाळीस रुपयांची चिप. तिला बेरीज येते, वजाबाकी येते,
भागायला येत नाही.
मी कोडात एक तिरपी रेघ ओढली होती, बस,
आणि कंपायलरनं मला न विचारता
कोणा अनोळखी माणसाचा हात
माझ्या कोपराला जोडून दिला.

म्हणजे छावणीच्या मंडीत सोयाबीनचं पोतं चढेल
आणि कच्चा आकडा किलोत उतरेल,
तेव्हा भागणारी मी नाही.
तो जो कोण असेल, त्यानं सोयाबीन पाहिलं तरी असेल का?

पोरवालशेठ कटिंगचा ग्लास खोक्यावर ठेवत:
फोकट का है न, मैडम? फिर लिस्ट काहे की?

फुकट म्हणजे बेवारस नव्हे, शेठ.
आमच्या काकांच्या वाटणीत विहीर तेवढी
कागदावर कोणाच्याच नावे घातली नव्हती,
देवासच्या कोर्टात अजून तारखा पडतात.

परवाना तीन वेळा वाचला.
आधी सक्त: माझं घेशील तर तुझंही उघडं कर.
मग खाली, वेगळ्या कागदावर, अपवाद:
पण रीतसर कंपाइल होताना वाटेत जे तुझ्यात मिसळलं
त्यासाठी तुझं दार उघडायला लावणार नाही.
तुझं ते तुझंच.

इतकं सरळ वाक्य
आमच्या घराण्यात कोणी कोणाला लिहून दिलेलं नाही.

माफ केलेली बाकी वहीत मांडायची की नाही
हे शाळेत शिकवलं नव्हतं.
मांडली.
भागाकार: दुसऱ्यांचा, अपवादासह.
सदतीस नावं होती, सगळी घातली,
एकाच्या पुढे एकच साल होतं,
मग काही नाही.

दोन पानं झाली. ती वॉरंटी कार्डाखाली जातील,
कोणी वाचणार नाही.
खोकं बंद करण्याआधी, उगीच, काट्यावर ठेवून पाहिली.

दहा ग्रॅम.
एवढं सांगायलाही
तोच लागला.