नंबर सतरा

महिनाभर आधी तिला दावं शिकवलं.
दावं कवडीला ठाऊक होतंच, खुंट्याचं, बाभळीचं;
पण माणसाच्या हातातलं, सैल, नुसतं सोबतीचं,
ते ना तिला माहीत, ना मला.
झऱ्यात, शाळेमागच्या पटांगणात,
गिरणीचा पट्टा थांबला की आम्ही दोघी गोल फिरायचो
आणि पोरं भिंतीवरून विचारायची,
काकी, शेळी तुमाला फिरवतीय का तुमी शेळीला?

खुरं कापायला बिरू पुकळे आला.
ऊस तासल्यागत तासायचं न्हाई, म्हणाला,
पेन्सिलीला टोक काढतो तसं. गुलाबी दिसलं की थांब.
मग कासेकडं बघत बसला, तंबाखू मळायची विसरून.
सड सारखं हायेत. डावा केसभर खाली.
बघणाऱ्याला दिसंल. दुधाला काय दिसत न्हाई.

आदल्या संध्याकाळी सातला धार काढली.
सकाळची काढायची नाही, कास भरलेली दिसली पाहिजे.
हे काही मला पटलं नव्हतं.
पहाटे ती पदराला नाक लावून
तांब्या हुंगत राहिली,
आणि मी तांब्या पाठीमागं लपवला,
लेकरापासून खाऊ लपवावा तसा.

खरसुंडीत मंडपाच्या तोंडाला टेबल.
मालकाचं नाव?
लोचना यमगर.
मालकाचं हो.
तेच सांगतीय.
त्यानं पेन झटकलं, लिहिलं, आणि
सतरा नंबरचा पुठ्ठा माझ्याच गळ्यात घातला.

शेजारी इस्लामपूरचा एक पोरगा,
त्याची शेळी पांढरीशुभ्र, अंगावर झूल, शाम्पूचा वास.
कवडीच्या अंगाला आमच्या घराचा वास. सकाळी मी
डोक्याचं खोबरेल तिच्या शिंगांना लावलेलं, तेवढाच नट्टापट्टा.

दहाला म्हणाले होते. पाहुणे येईपर्यंत साडेबारा.
भाषणात शेळीला गरिबाची गाय म्हणाले, तीनदा.
कवडी मागचे पाय आळीपाळीनं उचलत होती
आणि माझ्या छातीत जुनं काहीतरी दाटत होतं,
थोरला अंगावर प्यायचा तेव्हाचं.

मग फक्कीनं आखलेलं रिंगण. बिरू दोरीपलीकडून ओरडला,
बघणारा आन् जनावर, मधी उभं ऱ्हायचं न्हाई!
बाई हिकडं आली की तू तिकडं!
हे अवघड. मी तर जन्मभर मध्येच उभी:
सासरा आणि त्याची काठी,
थोरला आणि त्याचा बाप,
आलं त्याच्यापुढं आधी मी.
इथं मात्र सरकायचं, दावं ढिलं ठेवायचं,
आणि जिला आपण दाखवायला आणलं
तिला दिसू द्यायचं.

शिरवळहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी
पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, मागं उकिडव्या बसल्या.
किती देते?
इस्लामपूरचा कुजबुजला, तीन सांगा, तीन.
दीड, मी म्हटलं. हरभऱ्याचा पाला असला तर पावणेदोन.
त्या हसल्या की उन्हानं डोळे बारीक झाले, कळलं नाही.

सात जणींत पाचवी.
मागचे पाय जवळ पडतात, म्हणाल्या. कास चांगली आहे.
पाय माझेही जवळच पडतात, बोलले नाही.

टेम्पोच्या आडोशाला आले तर भांडंच नव्हतं.
तांब्या घरी, लपवलेल्या जागी.
इस्लामपूरच्यानं पहिल्या नंबरची बादली पुढं केली,
कागदी चिठ्ठी अजून चिकटलेली.
पहिली चिळकांडी तळावर अशी वाजली
की पलीकडच्या चार शेळ्यांनी माना वळवल्या.
सगळ्यांनी चहा घेतला. बिरूनं दोनदा.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात कवडी
कुणी न सांगता चारी पाय रोवून, मान ताठ करून उभी.
पायली घेऊन एक म्हातारा येत होता.
मी आपसूक पलीकडं सरकले.
त्यानं तिच्याकडं बघितलं, नीट, शिंगापासून शेपटीपर्यंत.
म्हणाला,
बाजरी हाय. बारीक दळ.