खळ

पहिला घाणा वाया गेला.
थर्माकोलचे मणी सगळे वर आले,
पेजेवर फेस यावा तसे,
आणि सिमेंट, राख, कच तळाशी जड होऊन बसले.
साचा उघडला, तर वरचा निम्मा ठोकळा
नखाने कुरतडता येत होता.
मेहबूबने साच्याची कडी परत लावली
आणि काहीच बोलला नाही.
न बोलण्याचे त्याच्याकडे दोन-तीन प्रकार आहेत;
हा त्यातला वाईट.

अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये
आधी आमचे बारा माग होते.
भंगारवाल्याने वजनावर नेले.
फरशीत बोल्टांची भोकं राहिली,
काडी घातली तर अजून सुताचं तूस निघतं.
आता मिक्सर आहे, प्रेस आहे, बँकेचा हप्ता आहे,
आहेरवाडीहून ट्रकने येणारी राख आहे,
ज्वारीच्या पिठाहून मऊ,
दुपारपर्यंत रत्नव्वाच्या पापण्या पांढऱ्या करणारी.

दुसरा घाणा. तिसरा.
पाणी कमी केलं. मिक्सर हळू फिरवला.
पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला,
तो म्हणाला, मॅडम, एक केमिकल येतं.
भाव सांगितला. मी फोन ठेवला.

नान्ना दाराशी खुर्चीत.
चाळीस वर्षांच्या खडखडाटाने कान नेलेले,
त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून,
ओठ मोठे करून.
मी ओठ मोठे केले: मणी तरंगतायत.
त्यांनी मूठभर तळहातावर घेतले,
फुंकर मारली.
उडाले.
"कोरडं सूत चढवतं का कुणी मागावर?"
एवढंच. पुढे तेलुगूत एक शिवी,
ती बहुतेक प्रेसला होती.

खळ!
आईचे हात जन्मभर त्या आंबूस वासाचे,
आणि मला सुचू नये.

मग रत्नव्वाने मणी आधी
सिमेंटच्या पातळ खळीत घोळवले, कोपरापर्यंत हात घालून,
जरा ओढू दिले,
आणि मगच मिक्सरमध्ये सोडले.
एकही वर आला नाही.
मेहबूब तेव्हाही बोलला नाही,
पण चहा त्याने सांगितला.

ठोकळे ओले ठेवायचे चौदा दिवस
आणि टँकर येतो पाचव्या दिवशी.
माळ्यावर नापास चादरींचा गठ्ठा होता,
मोराला तीन पाय आलेल्या, किनार चुकलेल्या.
त्या भिजवून पांघरल्या.
एप्रिलच्या उन्हात रांगेने निजलेले ठोकळे,
अंगावर सोलापुरी चादर.
नान्ना म्हणायचे, ऊब सुताची नसते,
सुताने धरून ठेवलेल्या हवेची असते.
म्हणजे धंदा काही बदलला नाही आमचा.
तेव्हाही हवाच विकत होतो.

अंगणात दहा बाय दहाची एक खोली बांधली,
गिऱ्हाइकाला दाखवायला.
बाहेर चव्वेचाळीस.
गुत्तेदार मळगे आले, आतून भिंतीजवळ
तव्याचा अंदाज घ्यावा तसा आधी लांबून हात नेला,
मग पूर्ण पंजा टेकवला,
आणि बराच वेळ काढलाच नाही.
सहाशे नग घेतले. भाव पाडून.

त्या रात्री नान्ना तिथेच झोपायला गेले.
मला वाटलं, गारव्याला.
पहाटे पाहिलं तर जागे,
भिंतीवर तळहात ठेवून बसलेले.
साखर पेठेतल्या घरी ते असंच बसायचे:
शेजारच्या कोंड्यालांचा माग चालू झाला
की विटांमधून थरथर यायची हाताला,
कान गेल्यावरही कळायचं
कोण कामावर आहे, कुणाचा धोटा अडकला.

"चांगली झालीय," ते म्हणाले. "काहीच येत नाही आत."

आता ते दार उघडं ठेवून झोपतात.
ऊन चढलं की सगळी झळ आत शिरते,
मी ओठ मोठे करून ओरडते,
ते मान हलवतात
आणि उंबऱ्यात अडकवलेली वीट
पायाने आणखी घट्ट करतात.